वस्तुस्थितीचा निवाडा आणि परवानगीचे दार

कामगाराने मुकादमाच्या अंगावर हात टाकला की नाही; भांडारातून नाहीसा झालेला माल त्याच्याच पाळीत गेला की नाही; वर्षभरात तो दोनशे चाळीस दिवस कामावर होता की नाही; ज्याच्या नावावर त्याचा पगार निघे तो कंत्राटदार खरा होता, की मालकाने पुढे उभे केलेले ते एक बुजगावणे होते? नोकरीवरून निर्माण होणारे तंटे बहुधा अशाच रोखठोक प्रश्नांवर उभे असतात. घटनेच्या कलमांचा काथ्याकूट त्यांत क्वचितच असतो. काय घडले, एवढेच ठरवायचे असते, आणि ते ज्या दिवशी ठरते त्या दिवशी एका कुटुंबाच्या चुलीचा निकाल लागतो. तरीही भारतातील कायद्याची रचना अशी आहे की नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर एकदा चुकले की ते दुरुस्त करून घेण्याचा हक्क कामगाराला नाही. त्याला मिळते ती फक्त परवानगी मागण्याची मुभा. ही परवानगी कुणाला मिळते, कशावर मिळते आणि कुणाला नाकारली जाते, याचा विचार युनियनच्या कार्यकर्त्यांनी वकिलांवर सोपवून मोकळे होणे परवडणारे नाही.

रचना थोडक्यात अशी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने श्रम न्यायालय वा न्यायाधिकरण यांच्या निवाड्यावर अपिलाची तरतूद ठेवली नव्हती. निवाडा विरोधात गेला तर हायकोर्टाकडे घटनेच्या २२६ व २२७ या कलमांखाली रिट अर्ज करायचा, आणि तेथेही हार झाली तर कलम १३६ खाली सुप्रीम कोर्टाकडे खास परवानगीचा अर्ज करायचा. युनियनच्या कचेऱ्यांतून ज्याला सर्रास एसएलपी म्हणतात तो हाच. यांपैकी एकही मार्ग अपिलाचा नव्हे. हायकोर्ट रिट अधिकारात देखरेख करते, पुरावा पुन्हा तोलत नाही, हा सिद्धांत १९६३ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सय्यद याकूब खटल्यात पक्का केला. तो खटला मद्रासकडील मोटार परवान्यांचा होता, कामगारांचा नव्हे. पण त्याचा आधार घेऊन आजवर असंख्य कामगारांचे अर्ज निकालात निघाले आहेत. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे, कामगार कायद्याचे देशातील अग्रगण्य जाणकार आणि पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी घालून दिलेली मर्यादा अशी: खालच्या न्यायाधिकरणाचा वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष कितीही चुकीचा वाटला तरी रिट न्यायालयाने त्यात हात घालू नये. निष्कर्षाला पुराव्याचा काहीच आधार नसेल, ग्राह्य पुरावा घेण्यास नकार दिला गेला असेल, किंवा अग्राह्य पुराव्यावर निष्कर्ष बेतलेला असेल, तरच दार उघडावे.

सुप्रीम कोर्टाचे दार त्याहून अरुंद. कलम १३६ मधील अधिकार अपवादात्मक प्रसंगी आणि हात राखून वापरावा, असे त्या न्यायालयाने १९५० सालीच एका फौजदारी खटल्यात सांगितले. हा अधिकार कोणत्या कसोट्यांवर वापरावा हे ठरवून द्यावे अशी मागणी पुढे झाली. २०१६ मध्ये घटनापीठाने तशी चौकट आखून देण्यास नकार दिला. परिणाम असा की परवानगी का मिळाली हे निदान पुढच्या निकालपत्रात तरी कळते. ती का नाकारली हे बहुतेक वेळा एका ओळीच्या हुकमावरून कुणालाच कळत नाही. अशा एका ओळीने अर्ज फेटाळला म्हणजे खालचा निकाल सुप्रीम कोर्टाने उचलून धरला असा अर्थ होत नाही, असेही त्याच न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. ज्याची नोकरी गेली त्याला या बारकाव्याने काय दिलासा मिळायचा!

अपिलाचा हक्कच नसावा, ही स्थिती नेहमीच नव्हती. १९५० च्या कायद्याने श्रम अपील न्यायाधिकरण स्थापन झाले होते. कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल, किंवा वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, कामगारकपात असे ठराविक विषय असतील, तर त्याच्याकडे अपील चाले. हे न्यायाधिकरण १९५६ च्या दुरुस्ती कायद्याने मोडीत निघाले. ते मोडा, अशी मागणी कामगार संघटनांचीच होती. आज एखादा तरुण कार्यकर्ता विचारील की कामगारांनी स्वतःच अपिलाचा हक्क का नाकारला? त्याचे उत्तर बँक कर्मचाऱ्यांच्या इतिहासात आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे.

बँकांतील वेतन व सेवाशर्तींचा तंटा १९४९ मध्ये सेन न्यायाधिकरणाकडे गेला. १९५० मध्ये निवाडा आला. न्यायाधिकरणाचा एक सदस्य काही काळ अन्य सरकारी कामगिरीवर गेला असताना उरलेल्या दोघांनी सुनावणी चालविली होती. एवढ्या कारणावरून १९५१ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सबंध निवाडा रद्दबातल ठरविला. देशभरच्या हजारो कारकुनांच्या पदरात पडलेले सारे एका रचनादोषापायी गेले. मग १९५२ मध्ये शास्त्री न्यायाधिकरण नेमले गेले आणि १९५३ मध्ये त्याचा निवाडा आला. त्यावर अपील झाले आणि १९५४ मध्ये अपील न्यायाधिकरणाचा निर्णय लागला. कर्मचाऱ्यांना त्यातून जे मिळाले त्यालाही केंद्र सरकारने कात्री लावली. त्या निषेधार्थ व्ही. व्ही. गिरी यांनी केंद्रीय श्रममंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्वतंत्र भारतात एका मंत्र्याने कामगार निवाड्याच्या प्रश्नावर खुर्ची सोडल्याचा तो प्रसंग आजच्या श्रममंत्र्यांना सांगूनही खरा वाटणार नाही. त्यानंतर आणखी एक आयोग बसला, तो न्या. राजाध्यक्ष यांच्या निधनानंतर न्या. गजेंद्रगडकरांनी पूर्ण केला आणि १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. एका तंट्याला सहा वर्षे लागली, आणि त्या सहा वर्षांत बँकमालकांचे व्याज कधी थांबले नव्हते. कामगार संघटनांचा अपिलाविषयीचा राग अनुभवातून आलेला होता: अपील म्हणजे मालकाच्या हाती मिळालेली मुदत.

परंतु अपील न्यायाधिकरण गेल्याने लांबण गेली नाही. तिने फक्त पत्ता बदलला. भारत बँक खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५० मध्येच बहुमताने ठरविले होते की औद्योगिक न्यायाधिकरण हे कलम १३६ मधील न्यायाधिकरणच होय. म्हणजे त्याच्या निवाड्याविरुद्ध खास परवानगी मागता येते. परवानगी मागणारी होती बँक. १९५६ नंतर मधली पायरी उरली नाही, तेव्हा मोठे कारखानदार थेट दिल्लीला धावू लागले. जे अपील कायद्याने कुणालाच नव्हते, ते ज्याच्याजवळ पैसा होता त्याला परवानगीच्या रूपाने मिळत गेले. कोइमतूरच्या सूतगिरणीतून वा झारखंडच्या खाणीतून बाहेर काढलेल्या एकट्या कामगाराला दिल्लीतील वकिलाची एका दिवसाची फी म्हणजे वर्षाचा पगार. समान हक्क हा शब्द अशा ठिकाणी उच्चारायचा तर तोंडातच अडखळतो.

येथे एक प्रश्न मुळातूनच विचारायला हवा. वस्तुस्थितीचा निष्कर्ष अंतिम मानायचा, तर तो मुळात कुणी काढलेला? १९५७ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की मालकाने खातेनिहाय चौकशी करून कामगाराला काढले असेल तर न्यायाधिकरणाने त्या चौकशीवर अपील न्यायालयासारखे बसू नये. चारच प्रसंगी हस्तक्षेप करावा: मालकाचा हेतू प्रामाणिक नसेल, सूडबुद्धी वा अनुचित कामगार प्रथा असेल, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मोडली असतील किंवा मूलभूत चूक असेल, किंवा निष्कर्ष पूर्णपणे निराधार, विपर्यस्त असेल. चौकशी अधिकारी कोण? मालकाचाच नोकर, किंवा मालकाने फी देऊन आणलेला वकील. साक्षीदार कोण? मालकाच्याच हाताखालचे. आणि अशा माणसाने अशा साक्षींवर काढलेला निष्कर्ष स्वतंत्र न्यायाधिकरणानेही सहसा बदलायचा नाही! फिर्यादीनेच पंच व्हावे आणि पंचाचा शब्द अखेरचा मानावा, असा हा व्यवहार चौदा वर्षे चालला.

तो बदलला १९७१ साली. औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घालण्यात आले आणि १५ डिसेंबर १९७१ पासून ते अमलात आले. नोकरी संपुष्टात आणण्याविषयीची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६३ ची शिफारस त्यामागे होती, आणि बडतर्फीची तलवार डोक्यावर घेऊन लढलेल्या युनियनांचा रेटाही होता. १९७३ मध्ये फायरस्टोन टायर खटल्यात सुप्रीम कोर्टाने या कलमाचा अर्थ लावला: चौकशी रीतसर झालेली असली तरी न्यायाधिकरण आता तीमधील पुरावा स्वतः पारखू शकते, गैरवर्तन सिद्ध झाले की नाही याबद्दल स्वतःचे समाधान करून घेऊ शकते आणि शिक्षा जादा वाटली तर ती कमीही करू शकते. वस्तुस्थितीच्या निवाड्याची किल्ली मालकाच्या खिशातून काढून न्यायाधिकरणाच्या टेबलावर ठेवण्यात आली, हे या कलमाचे खरे महत्त्व. अर्थात त्याच निकालाने मालकाची एक सवलत कायम ठेवली. चौकशी झालीच नसेल किंवा सदोष ठरली असेल, तर मालकाला न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देता येतो. कामगाराला एक संधी आणि मालकाला दोन, हा हिशेब तेव्हापासून चालू आहे.

एवढ्याने प्रश्न मिटला असता, जर वस्तुस्थितीत हात घालायचा नाही हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागू झाला असता. तो तसा होत नाही. १९६९ मध्ये नोकरीवरून काढलेल्या दिल्लीतील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात मालकाने पहिलाच आक्षेप घेतला की हा कायद्याच्या व्याख्येतला कामगारच नाही. श्रम न्यायालयाने साक्षीपुरावा घेऊन सांगितले, त्याचे काम मुख्यतः कारकुनी आहे, तो कामगार आहे. हा शुद्ध वस्तुस्थितीचा निष्कर्ष. हायकोर्टाने रिट अधिकारात तो फिरविला. १९८३ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाला चूक ठरविले. काढून टाकणे न्याय्य होते की नव्हते, या मूळ प्रश्नाला तोवर सुरुवातही झालेली नव्हती. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात प्राथमिक आक्षेपांचे तुकडे पाडून कामगाराला कोर्टाकोर्टांतून ओढत नेण्याच्या या पद्धतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. सगळे मुद्दे एकदमच निकालात काढावेत असे न्यायाधिकरणांना बजावले, आणि हायकोर्टांनीही अशा टप्प्यावर काम रोखून धरू नये असे सांगितले. तो निकाल आजही प्रत्येक युनियनच्या फाइलीत असावा. मालकाच्या वकिलाने प्राथमिक मुद्दा काढताच तो पुढे ठेवता येतो.

उलट बाजूचे उदाहरणही विसरता येत नाही. गुजरात स्टील ट्यूब्ज कंपनीने १९७३ च्या संपानंतर ८५३ कामगारांना कमी केले. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या लवादाने मालकाची कृती योग्य ठरविली. गुजरात हायकोर्टाने ती चूक ठरवून कामगारांना दिलासा दिला. मग मालक सुप्रीम कोर्टात गेला आणि त्याने कोणता युक्तिवाद केला? की लवादाच्या निष्कर्षात हायकोर्टाला हात घालता येत नाही! १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती देसाई यांनी बहुमताने तो युक्तिवाद फेटाळला. न्यायमूर्ती कोशल यांचे मत निराळे होते. न्यायालयाच्या अधिकाराची मर्यादा ही तत्त्वाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण खटल्याच्या मैदानात तिचा उपयोग हाताला येईल तसा होतो. मालकवर्ग ते जाणतो आणि निवाडा कुणाच्या बाजूचा आहे हे पाहून आपली भूमिका ठरवितो. कामगार चळवळीने याबाबत भाबडे राहण्याचे कारण नाही.

तेव्हा निवाडा विरोधात गेला असता परवानगी कशावर मिळते, हे व्यवहाराच्या भाषेत सांगितले पाहिजे. न्यायाधीशाने खोट्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, ही तक्रार घेऊन वर गेलेला अर्ज सहसा दाराशीच थांबतो. साक्षीदार खालच्या न्यायाधीशाने डोळ्यांनी पाहिला, वरच्याने पाहिला नाही, हे त्याचे कारण. आणि ते सर्वस्वी गैरलागू म्हणता येणार नाही. पण त्या दिवसाच्या हजेरीपटात कामगाराची गैरहजेरी आहे, तो हजेरीपट कागदोपत्री दाखल झालेला आहे, आणि निवाड्यात त्याचा उल्लेखच नाही, अशी तक्रार असेल तर गोष्ट बदलते. मालकाच्या व्यवस्थापकाने उलटतपासणीत दिलेली कबुली निवाड्याने गाळली असेल. ज्या कागदावर निष्कर्ष बेतला तो कागद कुणी शाबीतच केला नसेल. हजेरीपट मागविण्याचा अर्ज कारण न देता फेटाळला असेल. तर तेथे निष्कर्ष विपर्यस्त झाला असे म्हणता येते. वस्तुस्थितीची चूक आणि कायद्याची चूक यांच्यामधली रेघ अशा ठिकाणी पुसट होते. विपर्यस्त हा शब्द अर्जात दहा वेळा लिहून काही साधत नाही. कोणत्या निशाणीवरचा कोणता कागद, कोणत्या साक्षीदाराच्या जबानीतला कोणता परिच्छेद आणि निवाड्याच्या कोणत्या परिच्छेदात तो सुटला, एवढे तिन्ही एका ओळीत मांडता आले तर अर्ज वाचणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. क्षणभरच, कारण अशा अर्जांच्या सुनावणीला मिळणारा वेळ मिनिटांतच मोजला जातो.

आणि येथेच खरी अडचण आहे. खास परवानगीच्या अर्जात नवे काही घालता येत नाही. खालच्या न्यायालयापुढे जे मांडले होते त्याच्या बाहेर आपण गेलेलो नाही, असा दाखला वकिलाला त्या अर्जासोबत जोडावा लागतो. नवा कागद आणायचा तर वेगळी परवानगी मागावी लागते. म्हणजे दिल्लीतील लढाई तीन वर्षे आधी, जिल्ह्याच्या गावी, पंख्याखाली पेंगणाऱ्या कारकुनासमोर जिंकली वा हरली गेलेली असते. ज्या दिवशी युनियनचा प्रतिनिधी उलटतपासणीची तयारी न करता गेला, ज्या दिवशी पगारपत्रक मागविण्याचा अर्ज उद्यावर टाकला, ज्या दिवशी सोबतच्या कामगाराला साक्षीला आणायचे राहून गेले, त्याच दिवशी दिल्लीचे दार बंद झाले. नंतर तेथे कितीही मोठा वकील उभा केला तरी तो कोऱ्या पानावरून वाचू शकत नाही.

दोनशे चाळीस दिवसांचा प्रश्न घ्या. रोजंदारीवरच्या माणसाला नेमणूकपत्र नसते, पगाराची पावती नसते. २००२ मध्ये वनखात्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की दोनशे चाळीस दिवस भरल्याचे कामगारानेच शाबीत केले पाहिजे आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. या निकालाने ठिकठिकाणची किती प्रकरणे बुडाली असतील याची कल्पना करता येते. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने बाजू काहीशी सावरली: रोजंदारीच्या कामगाराजवळ कागद नसतो हे वास्तव मान्य केले. त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगावे आणि मालकाकडील हजेरीपट, पगारपत्रके न्यायालयामार्फत मागवावीत. मालकाने ती दडविली तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढायचे की नाही हे त्या त्या प्रकरणावर ठरेल. दोन्ही निकालांतील अंतर एका अर्जाचे आहे. कागद मागविण्याचा तो अर्ज केला असेल तर मालकाचे मौन बोलू लागते; केला नसेल तर कामगाराचा खरा शब्दही पोरका राहतो.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर सगळा झगडाच आता वस्तुस्थितीवर आणून ठेवला आहे. १९९६ मध्ये एअर इंडिया खटल्यात सुप्रीम कोर्टाने कंत्राटी पद्धत बंद झाली की कामगार आपोआप मुख्य मालकाचे होतात असा निर्णय दिला होता. २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो मोडला आणि सांगितले की कंत्राट खरे की देखाव्याचे, हे औद्योगिक न्यायाधिकरणाने पुराव्यावरून ठरवावे. भिलाईचा भट्टीकामगार असो, मुंबई बंदरातला हमाल असो वा इंदूरच्या औद्योगिक वसाहतीतला यंत्रचालक असो, त्याला एकेक करून सिद्ध करावे लागते की हुकूम कोण सोडत होता, रजा कोण देत होता, हत्यारे कुणाची होती, कंत्राटदार बदलला तरी माणसे तीच कशी राहिली. हे शाबीत करण्याचे ओझे ज्याच्याजवळ एकही कागद नाही त्याच्या डोक्यावर, आणि सगळे कागद ज्याच्या कपाटात त्याला फक्त नाही म्हणायचे काम.

थकीत पगाराचा प्रश्नही याच जातीचा. काढलेला माणूस मधल्या काळात दुसरीकडे कमावत होता का? महाराष्ट्रातील एका शिक्षिकेला शाळा न्यायाधिकरणाने पूर्ण थकीत पगारासह कामावर घेण्याचा हुकूम दिला होता. ती अन्यत्र कमावत होती याचा पुरावा संस्थेने दिला नव्हता, तरी हायकोर्टाने पगाराचा भाग रद्द केला. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा मिळवून दिला आणि नियम सांगितला: कामगाराने आपण बेकार होतो असे शपथेवर सांगितले की पुढचे शाबीत करणे मालकाचे काम. येथेही सारे अवलंबून आहे ते एका वाक्यावर. ते वाक्य प्रतिज्ञापत्रात नसेल तर नियम कामाला येत नाही. तीन वर्षे आधी, २०१० मध्ये, पंजाब राज्य वखार महामंडळाच्या कर्मचाऱ्याचा निवाडा हायकोर्टाने बदलून कामाऐवजी हातावर रक्कम टेकवली होती, तोही सुप्रीम कोर्टाने फिरविला. असे निकाल आहेत. ते कमी आहेत हेही खरे.

या अनुभवावरून काही साथी अशी मागणी करतात की वस्तुस्थितीवरही अपिलाचा हक्क कायद्याने द्यावा. मागणीमागची कळकळ खरी आहे. श्रम न्यायालयाच्या एका न्यायाधीशाच्या चुकीवर आयुष्य टांगून ठेवणे हा न्याय नव्हे. परंतु अपील मोकळे केले तर ते आधी कोण वापरील? १९५० ते १९५६ चा अनुभव त्याचे उत्तर देतो. कामगार जिंकला की मालक अपील करील, त्यावर रिट करील, मग दिल्ली. कामगाराचे पोट थांबत नाही, मालकाचा खटला थांबू शकतो. म्हणून मागणी नेमकी हवी. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने १९४६ मध्येच श्रम न्यायालयाच्या निर्णयावर औद्योगिक न्यायालयाकडे अपील ठेवले होते. म्हणजे कामगार कायद्याचा रोजचा परिचय असलेल्या न्यायाधीशाकडेच, त्याच राज्यात, दिल्लीचे तिकीट न काढता. असे एकच अपील, ठराविक मुदतीत निकालात निघणारे, कामगाराला हक्क म्हणून असावे. मालकाला ते हवे असेल तर निवाड्यात ठरलेला पगार आधी जमा करण्याची अट असावी. त्यापुढे वस्तुस्थितीचा प्रश्न बंद व्हावा आणि तो दोघांनाही सारखाच बंद व्हावा. मालकाला ही अट जाचक वाटेल यात शंका नाही. पगाराविना खटला लढविणे किती जाचक असते ते मात्र त्याला कधी अनुभवावे लागलेले नाही.

हा विचार आजच करण्याचे कारण औद्योगिक संबंध संहिता. २०२० मध्ये संसदेत मंजूर झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली गेली आणि १९४७ चा कायदा तिने मागे सारला. तिच्या आराखड्यात स्वतंत्र श्रम न्यायालय उरत नाही. न्यायाधिकरण दोन सदस्यांचे, एक न्यायिक आणि दुसरा प्रशासकीय. आणि बडतर्फी, कामगारकपात, संपाची बेकायदेशीरता हे कामगाराच्या जिव्हाळ्याचे प्रश्न या दोघांनी मिळून ऐकायचे. ११-अ कलमातील अधिकार संहितेत आला आहे, हे खरे. पण साक्षीदार खरे बोलतो की पढविल्यासारखे बोलतो हे ओळखण्याची कला जबान्या ऐकून ऐकून येते. फाइलीवर शेरे मारून ती येत नाही. ज्याच्या सबंध नोकरीत सरकारच्या धोरणाशी जुळवून घेणे हाच गुण ठरला, असा अधिकारी सरकारी कारखान्यातल्या बडतर्फीत काय घडले हे ठरवायला बसणार. आणि त्याने जे घडले म्हणून ठरविले त्यावर अपील नाही. आहे ती पुन्हा तीच परवानगी. घटनेच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७६ मध्ये कामगार तंट्यांसाठी न्यायाधिकरणे नेमून हायकोर्टाचे दारही लावून घेण्याची सोय करून ठेवली होती. १९९७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने हायकोर्टाचा रिट अधिकार हिरावता येत नाही असे सांगितले म्हणून ते दार किलकिले राहिले आहे. अशा स्थितीत राज्याराज्यांतील कामगार संघटनांनी न्यायाधिकरणांच्या जागा वेळेवर भरणे, न्यायिक सदस्याचा शब्द पुराव्याच्या प्रश्नावर वरचढ असणे आणि वर सांगितलेले मर्यादित अपील या तीन गोष्टी राज्य सरकारांपुढे आणि संसदेपुढे एकत्रितपणे मांडल्या पाहिजेत.

तोवर हाती असलेले हत्यार गंजू देता कामा नये. १९८२ च्या दुरुस्तीने आलेले आणि २१ ऑगस्ट १९८४ पासून अमलात आलेले १७-ब हे कलम त्यांतले एक. कामगाराला कामावर घेण्याचा निवाडा झाला आणि मालक हायकोर्टात वा सुप्रीम कोर्टात गेला, तर खटला चालेपर्यंत मालकाने कामगाराला शेवटचा पगार द्यावा, अशी ती तरतूद. नव्या संहितेतही ती ठेवलेली आहे. शेवटचा पगार म्हणजे काढले तेव्हाचा पगार, आजच्या दराने नव्हे, असा संकुचित अर्थ १९९७ मध्ये देना बँकेच्या खटल्यात लावला गेला, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या पगारात आज घर चालत नाही. तरीही ती रक्कम घेतलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे मालकाला लांबण लावणे फुकट पडत नाही. आपण दुसरीकडे नोकरीत नाही असे प्रतिज्ञापत्र कामगाराला त्यासाठी द्यावे लागते. मालकाच्या अर्जाची नोटीस हाती पडताच, पहिल्याच तारखेला, हे प्रतिज्ञापत्र दाखल करण्याची जबाबदारी युनियनच्या कचेरीने एका नेमक्या साथीवर सोपवावी. ते दुसऱ्या वा तिसऱ्या तारखेवर ढकलले गेले की तेवढ्या महिन्यांचा पगार मिळवायला पुन्हा नवा झगडा करावा लागतो.